मामाचे गुलाब, माझा तक्ता आणि गुगलची लाल रेषा: हायवेवरचं ट्रॅफिक मोजतात कसं?

(ऐकायला वेळ नसेल, किंवा ऑफिसात हळूच वाचायचं असेल, तर या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

तुमच्यातले निम्मे जण हा भाग गाडीत बसून ऐकत असणार, आणि त्यातले निम्मे जाममध्ये असणार. मग आज त्याच जामबद्दल बोलूया.

एक प्रश्न विचारतो. घरून फोन येतो, "किती ट्रॅफिक आहे रे?" तुम्ही काय उत्तर देता? "खूप आहे." "बेकार आहे." "मॅपवर लाल दाखवतंय." पण 'खूप' म्हणजे किती? आणि ज्यांचं कामच ट्रॅफिक मोजायचं आहे ते काय उत्तर देतात? मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे, वाहतुकीच्या सर्व्हेची कामं करतो. तरी या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात नीट कळलं नव्हतं. ते कळलं एका रात्री, माझ्या मामामुळे.

माझा मामा मावळातला. तिकडे गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. मामाचा स्वतःचा मळा नाही, त्याचा पिकअप आहे. चार-पाच शेतकऱ्यांचे गुलाब गोळा करायचे, बॉक्स भरायचे आणि पहाटे दादरच्या फूल मार्केटला पोचवायचे. पहाटे पोचलात तर भाव. उशीर झाला तर जो मिळेल तो भाव. गुलाब काही तुमच्यासाठी थांबत नाहीत.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजला एका सर्व्हेचं काम मिळालं होतं, लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेच्या कडेला. काम काय, तर गाड्या मोजायच्या. सलग सात दिवस, चोवीस तास. आपल्याकडे रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था आहे, इंडियन रोड्स काँग्रेस. पक्ष नाही बरं का, १९३४ साली स्थापन झालेली इंजिनिअर लोकांची संस्था. तिचा जुना नियमच आहे की शहराबाहेरच्या रस्त्यावर मोजणी करायची तर सलग सात दिवस करा, आणि वर्षातून दोनदा करा. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या दिवसांत, एकदा हंगाम नसताना. कारण ऊस, कांदा, धान्य रस्त्यावर आलं की रस्त्याचं रूपच बदलतं.

माझी ड्युटी रात्रीची. चहाच्या टपरीच्या ट्यूबलाइटखाली खुर्ची, मांडीवर पॅड, त्यावर तक्ता. कार, ट्रक, बस, टेम्पो, टू-व्हीलर असे रकाने. गाडी गेली की रेघ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांनी नवीन ओळ.

तिसऱ्या की चौथ्या रात्री साधारण दोनच्या सुमाराला गाड्या कमी व्हायला लागल्या. मला बरंच वाटलं, हाताला आराम! मुंबईकडे जाणारी एक एक गाडी सरकत पुढे जात होती, थांबत होती. पंधरा मिनिटांत जेमतेम काही रेघा. तेवढ्यात फोन वाजला. मामा.

"कुठं बसलायस रं तू?"

मी जागा सांगितली.

"मग तुझ्या मागंच हाय की मी. एक किलोमीटर. तासभर झाला, जाग्यावरनं हललो न्हाई. पुढं घाटात ट्रक बंद पडलाय म्हणत्यात."

मी चहा घेऊन चालत त्याच्यापर्यंत गेलो. मागे ताडपत्रीखाली गुलाब, पुढे लाल दिव्यांची रांग. त्या दिवशी मामा दादरला पोचला तेव्हा ऊन पडलं होतं. पहाटेचा भाव केव्हाच गेला होता. शेतकऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, हा त्याचा प्रश्न.

आणि सकाळी माझा तक्ता बघून आमचे सर काय म्हणाले? "काल रात्री ट्रॅफिक कमी होतं वाटतं."

तिथे माझी ट्यूब पेटली. सर चुकीचं बोलत नव्हते. तक्त्यावर आकडे खरंच कमी होते. ज्या रात्री रस्ता सगळ्यात जास्त तुंबला, त्याच रात्री माझ्या कागदावर तो सगळ्यात मोकळा दिसत होता!

तीन आकडे

असं का झालं ते बघू. ट्रॅफिक मोजताना तीन आकडे लागतात. पहिला, प्रवाह: एका तासात एका जागेवरून किती गाड्या गेल्या. दुसरा, वेग. तिसरा, घनता: एका किलोमीटरमध्ये, एका लेनमध्ये, एका क्षणी किती गाड्या आहेत. नातं सोपं आहे, घनता गुणिले वेग बरोबर प्रवाह.

आता हिशोब करा. एका लेनमध्ये किलोमीटरला १० गाड्या, वेग ताशी ९०. प्रवाह किती? तासाला ९००. आता दुसरं चित्र. किलोमीटरला ६० गाड्या, एकाला एक चिकटून, वेग ताशी १५. प्रवाह? तोच, ९००! एक रस्ता मस्त वाहतोय, दुसऱ्यावर लोक हॉर्न वाजवून थकलेत, आणि कडेला खुर्ची टाकून बसलेल्या पोराच्या तक्त्यावर दोन्हींसाठी सारख्याच रेघा.

हे अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स या माणसाने १९३०च्या दशकात दाखवलं. ओहायो राज्यात रस्त्याकडेला कॅमेरा लावून ठरावीक अंतराने फोटो काढायचे आणि फोटोंवरून गाड्या आणि त्यांचा वेग मोजायचा. गाड्या दाटल्या की वेग उतरतो, हे त्याने आलेखावर मांडलं. त्यातून पुढचं निघालं. गाड्या वाढतात तसा प्रवाह आधी वाढतो, एका टोकाला पोचतो, आणि त्यानंतर आणखी गाड्या घुसल्या की प्रवाह कमी व्हायला लागतो. म्हणजे डोंगरासारखा आलेख. एकच आकडा डोंगराच्या दोन्ही बाजूंना सापडतो, आणि तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात हे नुसत्या मोजणीतून कळत नाही.

डोंगराचं टोक म्हणजे रस्त्याची क्षमता. अमेरिकन मॅन्युअलमध्ये चांगल्या फ्रीवेच्या एका लेनसाठी, आदर्श परिस्थितीत, ती तासाला सुमारे २,४०० कार धरतात. म्हणजे दर दीड सेकंदाला एक कार. त्याच्यापुढे रस्ता ऐकत नाही.

मामा म्हणजे दीड

आता तुम्ही म्हणाल, कार ठीक आहे, पण आपल्याकडे कारसोबत ट्रक, बस, ट्रॅक्टर, बाइक सगळंच असतं. बरोबर. म्हणून एक युक्ती आहे: पॅसेंजर कार युनिट, म्हणजे पीसीयू. सगळ्या गाड्यांचं कारमध्ये रूपांतर करायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या नियमांत शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी आकडे दिलेत. कार आणि रिक्षा १. मोटरसायकल अर्धी. हलकी मालवाहू गाडी दीड. ट्रक आणि बस ३. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी? तब्बल ८! कारण ती किती जागा व्यापते यापेक्षा मागच्यांना किती अडवते हे महत्त्वाचं.

मामाला मी सांगितलं, "मामा, हिशोबात तू दीड आहेस." तो म्हणाला, "म्हंजे दीडशहाणाच की!"

पण हे आकडे साधारणपणे सपाट रस्त्याचे. घाटात भरलेला ट्रक चढावर रांगतो, मागचे सगळे त्याच्या तालावर. तिथे त्याचं वजन हिशोबातही वाढतं. शिवाय लेन सोडून चालवायची आपली सवय अमेरिकन मॅन्युअलला कुठून माहीत असणार? म्हणून आपल्या रस्त्यांवर मोजमाप करून भारताचं स्वतःचं मॅन्युअल तयार झालं, इंडो-एचसीएम, २०१७चं. दिल्लीच्या सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूटने देशातल्या अनेक संस्थांना सोबत घेऊन ते केलं.

ए ते एफ: रस्त्याचं प्रगतिपुस्तक

आता मार्क देऊया. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलची पहिली आवृत्ती १९५०ची. दुसरी १९६५ला आली आणि तिने रस्त्यांना शाळेसारख्या ग्रेड दिल्या, ए ते एफ. त्याला म्हणतात लेव्हल ऑफ सर्व्हिस, सेवेचा दर्जा. फ्रीवेसाठी हा दर्जा पुढे १९८५च्या आवृत्तीपासून घनतेवर ठरायला लागला. मघाशी बघितलं ना, प्रवाह फसवतो, घनता फसवत नाही.

एका लेनमध्ये किलोमीटरला साधारण ७ कारपर्यंत, ग्रेड ए. ११ पर्यंत बी. १६ पर्यंत सी. २२ पर्यंत डी. २८ पर्यंत ई. आणि त्यापुढे सगळं एफ, नापास.

यात दोन गमती आहेत. पहिली, इंजिनिअरला ए नको असतो! ए म्हणजे पैसे घालून बांधलेला रस्ता बराचसा रिकामा. आपल्याकडे ग्रामीण हायवेचं डिझाइन साधारण बी दर्जासाठी करा म्हणतात, म्हणजे क्षमतेच्या जवळपास अर्धी वाहतूक. शहरात सी, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ७० टक्के. थोडी गर्दी धरूनच चालायचं.

दुसरी गंमत मला जास्त टोचते. एफच्या खाली काही नाही. दहा मिनिटं अडकलात तरी एफ, चार तास अडकलात तरी एफ. शाळेत ३४ मार्कवाला नापास आणि शून्यवाला पण नापास, तसं. मामाच्या गुलाबांना मात्र या दोन एफमधला फरक बरोबर कळतो.

वर्षातले ते तास

आता लाँग वीकेंडकडे येऊ. शुक्रवारची संध्याकाळ, सगळी मुंबई लोणावळ्याला निघालीय, आणि आपण ओरडतो, "एवढे इंजिनिअर, एवढं पण कळलं नाही का यांना?"

कळलेलं असतं. आणि मुद्दाम सोडलेलं असतं. ऐका.

वर्षात तास किती? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६०. प्रत्येक तासाची वाहतूक उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात वर सणावाराचे, सुट्ट्यांचे तास, बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठे. पण साधारण तिसाव्या नंबरच्या आसपास उतार मंदावतो. म्हणून पद्धत अशी पडली की डिझाइन तिसाव्या तासासाठी करायचं. त्याच्या वरचे २९ तास तुंबले तर तुंबू द्या. वर्षातल्या २९ तासांसाठी आणखी एक लेन बांधणं परवडत नाही. आपल्याकडेही हाच तिसावा तास वापरतात.

हिशोब म्हणून मला हे पटतं. घर बांधताना लग्नाच्या पाहुण्यांएवढे बेडरूम कोणी बांधत नाही. पण मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग त्या तासांत जो अडकला त्याचं काय? व्हॅलेंटाइनच्या आदल्या राती मी घरी बसू व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक ट्रक, अर्धा रस्ता

शिवाय मामाचा त्या रात्रीचा जाम वीकेंडचा नव्हताच. तो एका बंद पडलेल्या ट्रकचा होता. खंडाळ्यापुढे घाटात जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात. तेव्हा दोन्हींची वाहतूक एकाच नरड्यातून खाली उतरायची. म्हणूनच तर त्या पट्ट्याला पर्याय म्हणून १३.३ किलोमीटरचा मिसिंग लिंक आखला गेला.

आता समजा एका बाजूला तीन लेन आहेत आणि एका लेनमध्ये ट्रक बंद पडला. क्षमता किती गेली? तुम्ही म्हणाल एक तृतीयांश. चूक! हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या तक्त्यात उरते फक्त ४९ टक्के. लेन एक बंद, पण क्षमता निम्मी गेली, कारण सगळे लेन बदलतात, ब्रेक मारतात, मान वळवून बघतात. अपघात नुसता कडेच्या पट्टीवर असेल, एकही लेन बंद नसेल, तरी ८३ टक्केच उरते. म्हणजे १७ टक्के आपल्या बघण्यात गेले!

आणि कधीकधी तेवढंही कारण लागत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेला जपानमधला प्रयोग यूट्यूबवर जरूर बघा. २३० मीटरचा गोल ट्रॅक, २२ गाड्या, ड्रायव्हरना सांगितलं, एकाच वेगाने चालवा. ना सिग्नल, ना खड्डा, ना ट्रक. तरी थोड्या वेळात जाम तयार झाला आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकत राहिला. एकाने किंचित ब्रेक मारला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने थांबवलीच. तुम्ही घाटात अर्धा तास रेंगाळता, पुढे जाता, आणि बघता तर काहीच नाही. ते हेच. कारण केव्हाच संपलेलं असतं, लाट तुमच्यापर्यंत येऊन पोचते.

तुमचा फोन आणि मामाची वही

आता तुमच्या खिशातला फोन. मॅपवरची लाल रेषा कशी येते? त्या रस्त्यावरच्या कितीतरी फोनच्या हालचालीवरून. गाड्या नेहमीच्या मोकळ्या वेगापेक्षा किती हळू चालल्यात, त्यावर रंग. म्हणजे इथे रेघा मारणारा पोरगा नाही, थेट वेग आणि वेळ मोजतात. माझ्या त्या रात्रीच्या तक्त्याला जे दिसलं नाही, ते फोनला दिसलं असतं.

अशा माहितीमुळे इंजिनिअर आता आणखी दोन आकडे काढतात. पहिला, ट्रॅव्हल टाइम इंडेक्स: गर्दीत लागणारा सरासरी वेळ भागिले मोकळ्या रस्त्यावरचा वेळ. दुसरा, प्लॅनिंग टाइम इंडेक्स: वीस फेऱ्यांपैकी एकोणीस फेऱ्यांत वेळेवर पोचायचं तर किती वेळ हाताशी ठेवायचा, भागिले मोकळ्या रस्त्यावरचा वेळ.

सोपे आकडे घेऊ. समजा मोकळ्या रस्त्यावर २ तास लागतात. वीस फेऱ्यांची सरासरी २ तास ४० मिनिटं. पहिला इंडेक्स १.३३. ऐकायला ठीक वाटतं, नाही का? पण एकोणीस वेळा वेळेवर पोचायचं तर ४ तास धरून निघावं लागत असेल, तर दुसरा इंडेक्स सरळ २. रस्ता तोच, फेऱ्या त्याच. सरासरी म्हणते चाळीस मिनिटं गेली. मामा म्हणतो दोन तास गेले, कारण त्याला रोज दोन तास आधीच निघावं लागतं, जाम लागो न लागो.

मामाला यातला एकही शब्द माहीत नव्हता. पण पिकअपच्या डॅशबोर्डवर त्याची एक वही असायची. निघालो कधी, पोचलो कधी, भाव काय मिळाला. त्या रात्रीनंतर त्याने निघायची वेळ अलीकडे आणली आणि मग तीच कायम ठेवली. बहुतेक रात्री तो फार लवकर पोचतो आणि दादरला गाडीतच डुलकी काढतो. ती डुलकी, अंग आखडून, खिडकी उघडी ठेवून. हायवेच्या जामची ती किंमत आहे, आणि ती कुठल्याही रेघांच्या तक्त्यात येत नाही.

म्हणून मंडळी, माझं आजचं सांगणं एवढंच. "अमुक रस्त्यावरची कोंडी कमी झाली" अशी बातमी वाचलीत की विचारा: काय मोजलं? गाड्या, की वेळ? सरासरी दिवस, की वाईट दिवस? जे मोजाल त्यानुसार रस्ता सुधारतो. नुसत्या गाड्या मोजल्या तर लेन वाढवायचं सुचतं. वाईट दिवस मोजला तर घाटात क्रेन किती मिनिटांत पोचते हेही मोजावं लागतं, आणि मामासारख्याला बऱ्याचदा लेनपेक्षा क्रेनच जास्त उपयोगी.

आणि एक छोटा उद्योग देतो. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तरच हं! हायवेच्या कडेला किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात. ते दिसले तर दोन दगडांच्या मध्ये, एका लेनमध्ये किती कार आहेत ते मोजा. एक-दोन असतील तर मजेत गाणी ऐका. सहा किंवा जास्त असतील तर तुमची लेन एफमध्ये गेली. घरून फोन आला, "किती ट्रॅफिक आहे?" की सांगा, "आई, नापास."

माझं म्हणाल तर, मी अजून सर्व्हे करतो. कॅमेरे आलेत, पण तक्ते गेलेले नाहीत. प्रत्येक तक्त्याच्या शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. त्या रात्री तो मी कोरा सोडला होता. आता माझ्यासोबत येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, गाड्या अचानक कमी झाल्या तर खुश होऊ नका. उठा, मागे बघा, आणि रांग दिसली तर शेऱ्यात वेळेसकट लिहा.

तुमचा सगळ्यात मोठा जाम कुठला, किती तासांचा, आणि त्यात काय बुडालं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर काळजी घ्या, अंतर ठेवा, उगाच लेन बदलू नका. भेटू!